रॅटचे पाय, हेक्झेनची वाफ आणि शून्य दाखवणारा मीटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ लातूरकडच्या एका सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे हेक्झेन या उडून जाणाऱ्या द्रवाने सोयाबीनमधलं तेल काढणाऱ्या कारखान्यात, शिफ्ट सांभाळतात. हेक्झेनच्या वाफेने रॅटचे (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचे) मागचे पाय लुळे पडतात, या माझ्या मूळ लेखातल्या मजकुरावर त्यांचे तीन आक्षेप आहेत. पहिला, डब्यात कोंडून ३,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३,००० भाग वाफ) हुंगायला लावलं तर कुठल्याही जिवाचं वाटोळंच होणार. दुसरा, उंदीर वेगळा, माणूस वेगळा. तिसरा, आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं काम करतात, मीटर शून्य दाखवतो, कुणाचे पाय गेले नाहीत. मग शेतकऱ्याच्या मालावर चालणाऱ्या धंद्याची बदनामी कशाला?

आधी डब्याचं बघू. तो बंद डबा नसतो. वाफ मिसळलेली हवा त्यातून सतत खेळती असते, तासाला साधारण १२ ते १५ वेळा सगळी हवा बदलते. ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, तापमान २२ अंशांच्या आसपास ठेवायचं, आणि जनावरांनी मिळून डब्याची ५ टक्क्यांपेक्षा जास्त जागा व्यापायची नाही. ९० दिवसांच्या ठरलेल्या चाचणीत रोज ६ तास, आठवड्याला ५ दिवस वाफ दिली जाते. वाफेच्या किमान तीन पातळ्या असतात आणि प्रत्येक गटात १० नर, १० माद्या. शिवाय एक गट तसल्याच डब्यात, तेवढाच वेळ, नुसत्या स्वच्छ हवेत. कोंडल्यामुळे काही होत असेल तर ते या गटातही दिसायला हवं.

चुका होतात, त्या वेगळ्या ठिकाणी. किती द्रव उडवला भागिले किती हवा सोडली, हा हिशेब कागदावरचा. जनावराच्या नाकाजवळ प्रत्यक्ष किती वाफ पोचली हे गॅस क्रोमॅटोग्राफ किंवा इन्फ्रारेडनेच मोजावं लागतं. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा वाफ भिंतींना, केसांना बसते आहे. वाफ सुरू असताना खाद्य आत ठेवलं तर सॉल्व्हंट त्यातल्या तेलात मुरतो आणि पोटातून जातो; म्हणून त्या वेळेपुरतं खाद्य काढून घेतात. अंग चाटूनही थोडा पोटात जातोच. ते टाळायला नळीत बसवून फक्त नाकाला वाफ देण्याची पद्धत आहे, पण नळीत अडकलेला रॅट तापतो, बिथरतो, त्याचं वजन घटतं. अशा चाचणीत स्वच्छ हवेचा गट मोकळा ठेवला असेल तर त्या निष्कर्षावर माझाही विश्वास बसणार नाही.

आता ३,००० पीपीएम. हा आकडा ज्या प्रयोगातला आहे तो जपानमधला, १९८० साली प्रसिद्ध झालेला. त्यात पेंटेन, हेक्झेन आणि हेप्टेन या तिघांची तुलना होती. तिन्ही ३,००० पीपीएम, रोज १२ तास, १६ आठवडे. डबा सारखाच, डोस सारखाच. हेक्झेनच्या गटात नसांतून संदेश जाण्याचा वेग ठळकपणे मंदावला. पेंटेन आणि हेप्टेनच्या गटांत तसं झालं नाही. डोस अफाट होता म्हणून कुणाचंही वाटोळं झालं असतं, हा तर्क इथेच कोलमडतो. पाच कार्बनवाला सुटला, सात कार्बनवाला सुटला, मधला सहावालाच सापडला.

कारण यकृतात आहे. हेक्झेन स्वतः नस जाळत नाही. यकृत त्याचं टप्प्याटप्प्याने २,५-हेक्झेनडायोन बनवतं. त्यात ऑक्सिजनचे दोन हात नेमक्या अशा अंतरावर असतात की नसेच्या आतल्या तंतुप्रथिनांतल्या लायसीन या अमिनो आम्लाला ते दोन्हीकडून धरतात, तिथे पायरोलचं कडं तयार होतं आणि तंतू एकमेकांना चिकटून गाठ बसते. नसेतली ने-आण तिथे तुंबते, नस फुगते आणि गाठीच्या पुढचा भाग वाळत जातो. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून सुरुवात तळव्यापासून. पेंटेनला कार्बनच पाच, त्याच्यापासून ही रचना बनत नाही. हेप्टेनपासून तसला पदार्थ बनतो, पण फार थोडा.

इथून तुमच्या दुसऱ्या आक्षेपावर येतो, आणि अर्धा मान्य करतो. उंदीर वेगळा असतोच. पेट्रोलच्या वाफेने नर रॅटच्या मूत्रपिंडात गाठी होतात, मादीत होत नाहीत. नराच्या यकृतात अल्फा-२यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन बनतं, वाफेतल्या काही घटकांना धरून ते मूत्रपिंडात साठतं. माणसात ते प्रथिन नाही, म्हणून त्या गाठींवरून माणसाला घाबरवणं चूक. डायक्लोरोमिथेन, म्हणजे पेंट उतरवायच्या रसायनातला जुना घटक, छोट्या उंदरांत फुप्फुस आणि यकृताचे कर्करोग करतो, हॅमस्टरमध्ये करत नाही; ज्या एन्झाइममुळे तो घातक बनतो ते छोट्या उंदरात भरपूर असतं, आपल्यात बरंच कमी.

पण वेगळेपणा नेहमी आपल्याच फायद्याचा असतो असं कुणी सांगितलं? बेंझिनने माणसाला रक्ताचा कर्करोग होतो हे कामगारांवरून कळलं. जनावरांत तोच प्रकार घडवून आणणं संशोधकांना जड गेलं. उंदरांवर विसंबून राहिलो असतो तर फसलो असतो. २-ब्रोमोप्रोपेन या सॉल्व्हंटचं तर उलटंच झालं. दक्षिण कोरियात १९९५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातल्या बायकांची पाळी बंद पडली, पुरुषांचे शुक्रजंतू घटले, आणि मग रॅटवर प्रयोग झाले. त्यात तेच दिसलं. आधी तपासलं असतं तर?

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: जनावरात जी साखळी घडते, ती माणसात घडते का? हेक्झेनच्या बाबतीत घडते. हेक्झेनच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या लघवीत तेच २,५-हेक्झेनडायोन सापडतं. ते थेट रॅटला पाजलं तरी पाय तसेच जातात. मिथाइल ब्युटाइल कीटोन या दुसऱ्याच सॉल्व्हंटचंही शरीरात तेच बनतं, आणि १९७३ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या कापडावर छपाई-लेप करणाऱ्या कारखान्यात हा सॉल्व्हंट वापरात आल्यावर कामगारांच्या हातापायांच्या नसा गेल्या. हेक्झेनचे रोगी तर त्याआधीच, १९६०च्या दशकात, जपानमध्ये घरोघरी चपला चिकटवणाऱ्यांत सापडले होते. त्या खोल्यांतली हवा ५०० ते २,५०० पीपीएमची होती. रॅटच्या डब्यातला आकडा तुम्हाला अवास्तव वाटतो. माणसं तेवढ्यात बसून रोजगार करत होती.

मिश्रणाचं वेगळंच. मिथाइल इथाइल कीटोन एकटं रॅटच्या नसांना असा त्रास देत नाही, पण हेक्झेनसोबत दिलं तर पाय लवकर जातात. उलट टोल्युइन सोबत असेल तर हेक्झेनचं रूपांतर मंदावतं. तुमच्या प्लांटला हे फारसं लागू नाही, पण वाळूजच्या एखाद्या चिकटकामाच्या शेडमध्ये किंवा पेंट शॉपमध्ये थिनरचा ड्रम बदलला की धोका बदलतो, वास तोच राहतो.

आता मीटर. सॉल्व्हंट प्लांटमध्ये लावलेला किंवा कमरेला अडकवलेला जो मीटर असतो तो स्फोटाचा. तो एलईएलची, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते त्या खालच्या मर्यादेची, टक्केवारी दाखवतो. हेक्झेनची पेट घेण्याची खालची मर्यादा हवेत सुमारे १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. अलार्म १० टक्के एलईएलला लावला असेल तर तो १,१०० पीपीएमला वाजतो. मीटरवरचा सगळ्यात लहान टप्पा १ टक्का असेल, तर पहिला आकडा उमटेपर्यंत ११० पीपीएम झालेले असतात. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस दिवसाच्या सरासरीला ५० पीपीएमची आहे, म्हणजे घनमीटरला साधारण १७६ मिलिग्रॅम. (तिथली कायदेशीर मर्यादा अजूनही ५०० आहे, कायदा मागे राहतो, ते काही आपल्याकडेच नाही.) थोडक्यात, तुमचा मीटर शून्यावर असताना माणूस शिफारशीच्या दुप्पट वाफेत उभा असू शकतो. मीटर बिघडलेला नाही. त्याचं काम प्लांट उडू न देण्याचं आहे, नसा राखण्याचं नाही.

त्यात शिफ्ट १२ तासांची असेल तर ५० ही मर्यादाच राहत नाही. जास्त तास श्वासात आणि कमी तास शरीर मोकळं व्हायला, असा दोन्हीकडून हिशेब केला की ती निम्म्यावर, २५वर येते. आणि आपला उन्हाळा! २० अंशांच्या तुलनेत ४० अंशांना हेक्झेनचा बाष्पदाब दुपटीहून जास्त होतो. जानेवारीत घेतलेलं मोजमाप मे महिन्यात दाखवायचं नाही. वाफ हवेच्या तिप्पट जड आहे, ती खड्ड्यात, पंपाच्या ओट्याखाली आणि गटारीत साचते. छताजवळच्या पंख्याने तिचं काही बिघडत नाही.

मोजायचं असेल तर कॉलरजवळ वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाची, दोन थरांची नळी आणि छोटा पंप लावावा. पंपाचा वेग मिनिटाला ०.०१ ते ०.२ लिटर ठेवायचा. घाई करून जास्त हवा ओढली तर वाफ पुढच्या थरातून मागच्या थरात जाते, आणि उकाड्यात, दमटपणात हे लवकर होतं. मागच्या थरात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडलं तर तो नमुना फेकायचा. हातातला पीआयडी मीटर (अतिनील दिव्याने वाफ ओळखणारा) १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दिव्याचा असेल तर हेक्झेन दाखवतो. गळती नेमकी कुठे आहे हे शोधायला तो उत्तम. एक्स्ट्रॅक्टरचं (तेल काढायच्या यंत्राचं) झाकण, डीटीमधून (पेंडीतलं हेक्झेन उडवणाऱ्या यंत्रातून) पेंड बाहेर पडते ती जागा, नमुना काढायचा कॉक आणि दुरुस्तीला उघडलेली लाइन, एवढ्या ठिकाणी आधी फिरवा. ग्रीसचे हात हेक्झेनने धुणं बंद करा, ते कातडीतूनही जातं. आणि एन-९५ मास्क धुळीचा आहे; वाफेला कोळशाचं ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजच लागतं, तेही वेळच्या वेळी बदलून.

राहिलं "कुणाचे पाय गेले नाहीत". पाय जाण्याआधी तळव्याला मुंग्या येतात, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, जिना चढताना पंजा अडखळतो. आपल्याकडे अशा माणसाला शुगर किंवा बी-१२ तपासायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे, कारण दोन्हींत मोज्यासारखा बधिरपणा येतो. पण कामाचं ठिकाण कुणी विचारत नाही. ज्याला जास्त त्रास झाला तो काम सोडून गावी गेलेला असतो, तुमच्या हजेरीपटावर तो नाहीच. म्हणून आज हजर असलेल्यांकडे बघून निष्कर्ष काढू नका. लघवीतल्या २,५-हेक्झेनडायोनची तपासणी आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टच्या अखेरीस करावी, सोमवारी सकाळी नाही. आणि मुंग्या असलेल्याची नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांच्या वेगाची, तपासणी. दोष सापडला आणि माणसाला वाफेतून काढलं, तरी पुढचे दोन-तीन महिने त्रास वाढतच जाऊ शकतो. "जागा बदलली तरी वाढतंय, म्हणजे हेक्झेनचा संबंध नाही" असं त्या काळात कुणी म्हणालं, तर ऐकू नका.