सिनेटवर खापर कशाला?

‘सिनेट अडवतं म्हणून ट्रम्प यांना पहिल्या कार्यकाळात वरिष्ठ पदांवर हंगामी माणसं नेमावी लागली’ हे लेखातलं विधान पटलं नाही. अशा नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या सिनेटमध्ये तेव्हा त्यांच्याच पक्षाचं बहुमत होतं! हंगामी माणूस सोयीचा पडतो, हे खुद्द त्यांनीच सांगितलं होतं. १९९८ च्या कायद्यानुसार अशा नेमणुकीची मुदत साधारण २१० दिवस, पण गृहसुरक्षा खात्याला स्वतःचा उत्तराधिकाराचा क्रम, म्हणजे मंत्री नसताना पद कुणी सांभाळायचं ते, ठरवता येतं. घोळ तिथेच झाला. एप्रिल २०१९ मध्ये पद सोडताना त्या खात्याच्या मंत्री नील्सन यांनी क्रम बदलला, तो फक्त आपत्तीत मंत्री उपलब्ध नसतील तेव्हाचा. राजीनाम्यानंतरचा जुनाच राहिला. म्हणजे पुढे हंगामी मंत्री म्हणून आलेले मॅकअलीनन क्रमात बसत नव्हते आणि त्यांनी केलेल्या बदलावर त्यांच्यानंतर आलेले हंगामी मंत्री चॅड वुल्फही नाहीत. वुल्फ यांचं नाव मंजुरीसाठी सिनेटकडे गेलं थेट सप्टेंबर २०२० मध्ये.

याचा फटका आपल्याकडच्या आयटीवाल्यांच्या ओळखीचा आहे. एच-१बी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसाची सोडत बंद करून जास्त पगारवाल्यांना आधी निवडायचा वुल्फ यांच्या काळातला जानेवारी २०२१ चा नियम कोर्टाने त्याच वर्षी सप्टेंबरात रद्द केला. कारण पगाराचं सूत्र नव्हे, तर वुल्फ यांची नेमणूकच बेकायदा. धोरण बरं की वाईट, हा प्रश्न कोर्टापुढे आलाच नाही.