कोलॅजनवाल्यांनो, आमच्या आयांचा नाद सोडा

भिशी असो, हळदीकुंकू असो, नाहीतर कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर साडी बघायला बसलेलो असो, बायकांच्यात आता एकच विषय. कोलॅजन. त्याची पावडर पाण्यात ढवळायची, रोज सकाळी प्यायची, म्हणे सुरकुत्या जातात. आणि हे सांगणार कोण? ओळखीतलीच एखादी बाई, जिला प्रत्येक डब्यामागं कमिशन सुटतं. डोकं फिरायची वेळ आलीय.

राजारामपुरीत आईच्या भिशीला अशाच एक मॅडम येतात. आधी मोबाइलवर फोटो काढायचा, तो मोठा करून डोळ्यांच्या कडेच्या रेघा सगळ्यांना दाखवायच्या. "काकू, वय काय ओ तुमचं? दिसताय मात्र दहा वर्षांनी मोठ्या." चारचौघींत बाई ओशाळली की पिशवीतनं डबा बाहेर. अहो, साठीतल्या बाईच्या तोंडावर साठ वर्षं दिसणारच. त्यात लाज वाटायसारखं काय आहे?

कोलॅजन हे प्रथिन आहे. पोटात गेलं की डाळीच्या, अंड्याच्या प्रथिनासारखंच तेही पचतं. त्याचे सुटे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, आणि त्यांच्या बारीक साखळ्या, म्हणजे पेप्टाइड, होतात. ती कुठं वापरायची ते शरीर ठरवतं. गालावरच जाऊन बसा असं त्यांना कुणी सांगू शकत नाही. "संशोधन झालंय" म्हणून कागद नाचवतात. झालंय की. २०२५ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सगळ्या एकत्र धरल्या तर फायदा दिसतो. पण कंपन्यांच्या पैशाशिवाय झालेल्या चाचण्या तेवढ्याच वेगळ्या काढून बघितल्या, तर ना ओलाव्यात फरक, ना लवचिकतेत, ना सुरकुत्यांत. हा दुसरा भाग मॅडमच्या कागदावर नसतो.

बरं, हे बनतं कशापासून, ते तरी सांगा. माशांची कातडी आणि खवले, गुरांचं नाहीतर डुकराचं कातडं. भिशीत जैन बायका आहेत, कांदा-लसूण न खाणाऱ्या. त्यांच्याही हातात तोच डबा दिला, एका शब्दानं न सांगता. याला फसवणूक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. आईला बरीच वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे. मॅडमनी पावडरीबरोबर 'केस आणि त्वचेच्या' गोळ्याही गळ्यात मारल्या. एका गोळीत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन, तब्बल १०,००० मायक्रोग्रॅम! माणसाला दिवसाला लागतं ३०-४० मायक्रोग्रॅम. थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी केली तर टीएसएच एकदम खाली, टी-फोर वर, म्हणजे गोळी जास्त होतेय असं दिसलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून थायरॉइडच्या गोळीचा डोस कमी केला. त्यानंतर आई पार गळून गेली. दिवसभर झोप, तोंडावर सूज, जिना चढताना मध्येच बसायची. परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, अजून काय काय घेता? आईनं पर्समधनं ती बाटली काढून टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "औषध न्हवं ओ, व्हिटॅमिनच हाय."

गोळ्या बंद करून रक्त पुन्हा तपासलं. टीएसएच चांगलाच वर, म्हणजे गोळी कमी पडत होती. आधीचा रिपोर्टच खोटा आला होता. बऱ्याच लॅबच्या थायरॉइड चाचणीत बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातही ते भरमसाट असलं की आकडे चुकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्येच याचा इशारा दिलाय. हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन चाचणीतसुद्धा आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणजे अटॅक आलेला असताना रिपोर्ट नॉर्मल! आणि विकणारीनं "काकू, काही गोळ्या चालू आहेत का?" एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

त्वचा म्हातारी होण्यात वयाचा वाटा असतोच, पण त्यापलीकडं सगळ्यात मोठा हात उन्हाचा, मग विडी-सिगारेटच्या धुराचा. उन्हातले यूव्हीए नावाचे अतिनील किरण तर खिडकीच्या काचेतूनही येतात. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. त्याच चाचणीत काहींना बीटा-कॅरोटीनच्या (गाजरात असतं ते द्रव्य) गोळ्या दिल्या होत्या. त्यांचा त्वचेला काही फायदा दिसला नाही. दुपारी गाडीवरनं जाताना आपल्या पोरी स्कार्फ आणि सनकोट घालतात, ते या डब्यापेक्षा कितीतरी कामाचं आहे. पण सनकोटवर मॅडमना कमिशन नाही.

डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं, कायदाच आहे. छापलंय. बारीक अक्षरात, इंग्रजीत, मागच्या बाजूला. चष्मा लावूनही आईला वाचता येईना.

उरलेला माल परत घ्या म्हणून फोन केला, तर मॅडम म्हणतात, "सील फोडलंय, आणि काकूंनी स्वतःहून घेतलंय." ठेवा ते पैसे. पण पुढच्या भिशीला तुम्ही पिशवी उघडाल, तेव्हा आईचे दोन्ही रिपोर्ट घेऊन मी तुमच्या शेजारीच बसणार आहे, आणि एकेकीला मराठीत वाचून दाखवणार आहे.