४३ सेकंद शांतता मिळेल का?

रॅपमधे एक व्हर्स (म्हणजे कडवं) साधारण सोळा बारचं, एका बारमधे चार ठोके, आणि आमचा बीट होता ९० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, हिशोब केला तर जेमतेम ४३ सेकंद. पुण्यात सहकारनगरच्या एखाद्या सोसायटीत दिवसाढवळ्या सलग ४३ सेकंद कोणीच काही आवाज करत नाही अशी वेळ शोधून दाखवा, मी माइक विकतो आणि बँकेच्या परीक्षा द्यायला लागतो.

तर आम्ही घरीच रेकॉर्ड करून चार गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढत होतो. एकदम अंडरग्राउंड. राहायला तिसरा मजला. डोक्यात एवढंच होतं की कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ला आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, व्हिडिओ पण त्याच्यावरच शूट केला आणि सगळीकडे नाव झालं, मग आपल्याकडे तर लॅपटॉप आहे राव. बीट करणारा मित्र कुठूनतरी सेकंडहँड कंडेन्सर माइक घेऊन आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कंडेन्सरला इंटरफेसमधून (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) ४८ व्होल्ट द्यावे लागतात आणि एकदा दिले की त्याला सगळं ऐकू येतं, म्हणजे माझा आवाज, माझ्या पोटातला आवाज, गेटवर यू टर्न मारणारी रिक्षा आणि समोरच्या बिल्डिंगमधला कुकर. स्टुडिओत ही फार भारी गोष्ट असते म्हणे.

बूथ म्हणजे आईचं कपाट. कपडे आवाज शोषून घेतात, म्हणून दारं उघडायची, तोंड साड्यांकडे करायचं आणि पाठीमागे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन गोधड्या टाकायच्या. आईची अट एकच, पैठणीवर थुंकी उडता कामा नये. आता मराठीत रॅप करायचं आणि थुंकी उडवायची नाही हे कसं जमणार, आपल्याकडे ख आहे, फ आहे, भ आहे, प्रत्येकात हवा ठासून भरलेली, आणि माझ्या हुकमधे (गाण्यात परत परत येतो तो भाग) तर एका ओळीत चार भ. प्रत्येक भ माइकवर धप्पकन आपटायचा. मग आईची भरतकामाची रिंग घेतली, तिच्यावर ताईचा जुना स्टॉकिंग ताणून बसवला, झाला पॉप फिल्टर. (खरंच चालतो, करून बघा. फक्त रिंग विचारून घ्या.)

त्यात महिना मे, पंखा बंद. लॅपटॉप एवढा म्हातारा की बफर (आवाज हाताळायला त्याला दिलेली सवड) १०२४ वर ठेवला तरच चालायचा, त्यामुळे माझाच आवाज हेडफोनमधे मला उशिरा ऐकू यायचा आणि आपण आपल्याच मागे धावतोय असं वाटायचं. सिस्टीमला शिव्या घालणारं गाणं, आणि पाचव्या बारला मी घामाने साडीला टेकलेलो.

शांततेचं विचाराल तर सकाळी घंटागाडी येते, स्वतःचं गाणं वाजवत. ती गेली की सोसायटीचा पंप. पंप थांबला की भंगारवाला, आणि तो हल्ली ओरडत पण नाही, गाडीवर स्पीकर लावून आधी रेकॉर्ड केलेलं वाजवतो. त्याचं रेकॉर्डिंग आमच्यापेक्षा क्लीन आहे हे मला अजून सहन होत नाही. एका टेकला तर तो इतका बरोबर बीटवर आला की मित्र म्हणाला, राहू दे, व्हाइब आहे. ट्रॅक दोन, शेवटचे चार बार, हेडफोन लावून ऐका.

शेवटी शोध लागला गुरुवारचा. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ना एखाद्या गुरुवारी, त्या दिवशी पंप चालत नाही, नळ वाजत नाहीत, भांडी कमी, मशीन बंद. अख्खं पुणे ज्या बातमीवर चिडतं ती व्हॉट्सॲपवर आली की आम्ही दोघं नाचायचो. निम्मी ईपी अशीच झालीय, पाणी नाही म्हणून.

शिव्यांचा प्रॉब्लेम मात्र पाण्याने सुटला नाही. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले, त्यामुळे डिस ट्रॅकमधे (समोरच्याची उतरवायचं गाणं) सगळ्या ओळी फुल जोरात आणि शिवी आली की माझा आवाज देवघरातल्यासारखा. मित्र म्हणाला एनर्जी पडतीये. मग व्हर्स एका दिवशी आणि शिव्या बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले की सगळ्या एकदम, ओळीने, नुसत्या शिव्या, मधे दोन दोन सेकंद सोडून. ती फाइल अजून आहे माझ्याकडे, तिचं नाव ‘सीए फाउंडेशन नोट्स’ आहे.

खिडक्या लावल्या होत्या पण बाथरूमचा डक्ट कोणाच्या लक्षात राहतो. रिलीजच्या आधीच आमची ईपी चारही मजल्यांवर लीक झालेली. एकच ओळ परत परत ऐकून खालच्या काकूंच्या नातवाचा हुक पाठ, लिफ्टमधे म्हणून दाखवतो, भ सकट. स्ट्रीमिंगवर टाकताना मी नियमाप्रमाणे एक्स्प्लिसिटचा, म्हणजे यात शिव्या आहेत असा, टॅग लावला, डक्टला कुठे लावणार?

आणि मग सोसायटीच्या चेअरमन काकांचा निरोप आला, येऊन भेट. गेलो, मान खाली घालूनच. काका म्हणाले, “ते टँकरवाल्यावरचं कडवं कुणी लिहिलं रे? तू? गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रमात घेऊ आपण, टाळ्या पडतील. फक्त ते दोन शब्द तेवढे बदल.”

मी हो म्हणून आलोय. पण यमक त्याच दोन शब्दांवर आहे, तर ‘च’ने सुरू होणारे, तेवढ्याच मात्रांचे आणि टँकरवाल्याला नीट लागतील असे सभ्य शब्द कुणाला सुचत असतील तर प्लीज कळवा, गणपती जवळ आलेत.