बदकानं नेला बाण

काल दुपारी पंधरा-वीस माणसांच्या देखत एका बदकानं माझा पीकविमा अडवला. खरं बदक असतं तर मी गप्प बसलो असतो. खऱ्या जनावरांशी आपली जुनी ओळख आहे. रानडुकरं दर साली तूर खातात, आपण दर साली अर्ज करतो.

हे बदक ऑनलाईन सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, जुलैचा शेवटचा आठवडा, खोलीत एक पंखा आणि गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवलेला एक जादा स्क्रीन. सातबारा, पासबुक, आधार असा गठ्ठा घेऊन मी अडीच तास उभा. शेवटी नंबर लागला, सेंटरवरच्या पोट्ट्यानं फॉर्म भरला, माझ्या मोबाईलवर ओटीपी आला, तो मी मोठ्यानं वाचून दाखवला. आणि डाव्या कडेनं एक पांढरं बदक डुलत डुलत आत आलं आणि नेमकं ‘सबमिट’वर जाऊन उभं राहिलं.

“हे काय रे?”

“काई नाई सर, टाईमपास हाय.”

माझ्या मागं एक आबाजी होते. टोपी, धोतर, आणि अडीच तास माझ्या मानेवर तंबाखूचा वास. त्यांनी चष्मा पुसला.

“मास्तर, हा बगळा होय का बदक?”

“बदक.”

“मान पाहा ना त्याची. बदकाची मान असते का येवढी? हंस होय तो.”

आता खरं सांगायचं तर आबाजी बरोबर होते. इंग्रजीत त्या गमतीच्या प्रोग्रामचं नाव ‘डेस्कटॉप गूज’ आहे, गूज म्हणजे हंस, डक म्हणजे बदक नव्हे. पण एवढ्या लोकांसमोर मास्तरानं हरायचं नसतं. “बदकच,” मी ठासून म्हणालो.

“बरं, बदक. सरकारी होय का?”

“नाही.”

“मंग सरकारी फारमावर काऊन फिरून राह्यलं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोट्ट्याकडेही नव्हतं. तेवढ्यात बदक कुठूनसे पाय भरवून आलं आणि स्क्रीनभर चिखलाची पावलं उमटवत निघालं. माझं दोन एकर सोयाबीन, म्हणजे फॉर्मवरचं 0.81 हेक्टर, आडवं तुडवत गेलं.

“मास्तरच्या वावरात पाणी पडलं वाटते,” आबाजी म्हणाले. “आमच्याकडं शिंतोडा नाई.”

खोली हसली. बदक कडेला गेलं आणि चोचीत धरून एक पांढरी खिडकी ओढत आणू लागलं. त्यावर इंग्रजीत काहीतरी खरडलेलं. आबाजी उभ्या जागी हरखले. “सातबारा आणला, पाहा! तीन चकरा मारल्या म्या तलाठ्याकडं. हे तर बसल्या जागी आणून देऊन राह्यलं.”

बदक पुन्हा ‘सबमिट’वर. माझा ओटीपी तिकडे शेवटचे श्वास मोजतोय.

“टोचा त्याले,” आबाजी म्हणाले.

पोट्ट्यानं टोचलं. म्हणजे क्लिक केलं. आणि या पाखराची खोड हीच, की त्याच्यावर क्लिक केलं की ते चिडतं. ते धावत आलं, माऊसचा बाण चोचीत धरला आणि घेऊन पळालं. पोट्टा माऊस घासतोय, बदक बाण ओढतंय. सुटला की पुन्हा ‘सबमिट’, पुन्हा चुकून बदकावर क्लिक, पुन्हा पळापळ. “सोडू नोको! सोडू नोको!” मागून ओरडा. पोळ्याच्या तोरणाखालीही एवढी गर्दी एका जागी वाकलेली मी पाहिली नाही.

ओटीपीची मुदत संपली. फॉर्म कोरा.

स्क्रीनवर लुडबुडणारी ही जमात मला नवीन नाही. तालुक्याला कॉम्प्युटर शिकायला जायचो तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 97 मधली डोळेवाली पेपरक्लिप भेटली होती. रजेचा अर्ज लिहायला घेतला की कोपऱ्यातून डोकावायची, मदत करू का? माझी रजा, माझा ताप, हिला काय करायचंय? पुढे 2007 च्या ऑफिसमधून तिला काढूनच टाकलं. त्याआधी जपानात एक मांजर निघालं होतं, बाणामागे धावायचं आणि बाण थांबला की झोपून जायचं. ते मला आवडतं. कुणाचं काही अडवत नाही. जांभळा माकड बोन्झीबडी मात्र चालू निघाला. गोड बोलून घरात शिरायचा आणि जाहिराती दाखवायचा. आईबापांना न विचारता पोरांची माहिती गोळा केली म्हणून 2004 साली त्याच्या कंपनीला अमेरिकेत 75,000 डॉलर दंड बसला. त्या मानानं हे बदक सरळ. 2020 साली सॅम चिएट नावाच्या माणसानं ते उघड उघड त्रास द्यायलाच बनवलं. एकट्यानं कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला सोबत म्हणून असेल. आमच्याकडे एका कॉम्प्युटरला वीस जणांची सोबत आहे, आणखी एक पाखरू कशाला?

हसण्यावारी नेतोय, पण काल घरी जेवण गेलं नाही. 2023 ला विमा एका रुपयात होता, 2025 ला ते बंद झालं. आता सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्के भरा. भरू. पण पैसे भरायलासुद्धा रांग, अंगठा, ओटीपी, आणि मधेच पोर्टल आपोआप बाहेर काढणार. बदक नसतानाही चारदा काढलंय मला. तेव्हा मात्र कुणी मागून “सोडू नोको” ओरडलं नाही.

आबाजींचा फॉर्म माझ्यानंतर पाच मिनिटांत गेला. बदक त्यांच्या कापसाच्या कडेकडेनं चाललं होतं, ते त्याला “हाड, हाड” करत होते. पावती घेताना मला म्हणाले, “तुम्ही त्याले बदक म्हटलं ना, राग आला त्याले.”

रात्री पोरीनं मोबाईलवर शोधून दिलं, की एस्केपचं बटन काही सेकंद दाबून धरलं की ते पाखरू निघून जातं. आज सकाळी सातलाच सेंटरवर गेलो. माझ्या पुढे तेहतीस जण. रांग मोडून, शिव्या खात, आत जाऊन पोट्ट्याला बटन दाखवलं.

“मालूम हाय ना सर,” तो म्हणाला. “पण बंद केलं तं लोकं भांडतात लाईनीत. काल तुमच्या टायमाले कोणीच भांडलं नाई.”