स्वस्त पार्सल पाहिजे? आधी खोका मोजा

पम्या कोल्हापुरी चप्पल विकतो. कोल्हापुरात यात नवल ते काय, पण त्याचं दुकान मोबाईलवर आहे आणि गिऱ्हाईक पुण्यापासून गुवाहाटीपर्यंत पसरलेलं. परवा संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर आला तो कुरिअरचं बिल हातात नाचवतच.

"900 ग्रॅमचा माल आणि दोन किलोचे पैसे लावलेत! उघड उघड लूट हाय ही."

"तुला कवापासनं सांगतोय, कंपनी बदल," सुऱ्या म्हणाला. "ॲपवर पाच-सहा कंपन्यांचे दर एकाखाली एक येतात. सगळ्यात कमी असंल त्यावर बोट ठेवायचं, विषय संपला."

अण्णांनी बिल मागून घेतलं. त्यांची उभी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागे गेली, त्यामुळे पार्सलाचा विषय निघाला की त्यांचा चहा गार होतो. चष्मा वर सारून त्यांनी एकच विचारलं, "खोका केवढा होता?"

पम्याला ते सांगता येईना. मग त्याच्या गाडीच्या डिकीतून एक भरलेला खोका काढला, समोरच्या टेलरकडून टेप आणली आणि मापं घेतली. लांबी 32 सेंटिमीटर, रुंदी 22, उंची 12. तिन्हींचा गुणाकार 8448. बहुतेक खाजगी कुरिअर या आकड्याला 5000 ने भागतात आणि येईल ते किलोत धरतात. आलं 1.69. काट्यावरचं वजन आणि हे आकारमानाचं वजन, दोन्हींत जे जास्त त्यावर बिल. अर्ध्या किलोचे टप्पे असले की 1.69 चे सरळ दोन किलो होतात.

"म्हणजे बिल बरोबर हाय?" पम्याचा आवाज उतरला.

"बिल बरोबर, खोका चूक," अण्णा म्हणाले. "कोल्हापुरी चप्पल सपाट असते की रं. तिला 12 सेंटिमीटर उंची कशाला? टाच एकीची, अंगठा दुसरीचा, अशी उलटसुलट ठेव, मधी कागद घाल. उंची आठावर येईल."

लगेच करून बघितलं. 30 बाय 20 बाय 8 मध्ये जोड व्यवस्थित बसतो. गुणाकार 4800, म्हणजे 0.96. दोन्ही वजनं एका किलोच्या आत! तीच चप्पल, तेच गाव, तीच कंपनी आणि निम्म्या वजनाचं बिल. मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो आणि मला हा प्रकार पुन्हापुन्हा दिसतो. आकाशकंदील करणारी एक बाई फुलवलेला कंदील 40 बाय 40 बाय 10 च्या खोक्यात घालायची. कागदाचं वजन ते किती, पण हिशेबात 3.2 किलो. घडीचा कंदील करून तो 40 बाय 30 बाय 4 मध्ये पाठवायला लागली तेव्हा तोच हिशेब एका किलोच्या आत आला. माणसं दरपत्रकं चाळण्यात तास घालवतात आणि खोका मात्र दुकानात समोर दिसला तो उचलतात, याचं मला फार वाईट वाटतं. हा पैसा गरिबाच्या नफ्यातून जातो.

सुऱ्या हटायला तयार नव्हता. "बरं, खोका केला बारका. तरीबी कंपनी निवडायला लागतीच की. आणि पोस्टात जाऊन रांग कोण लावणार? कुरिअरवाला दारात येऊन घेऊन जातो."

"पोस्टातही आता पार्सलाची मापं लिहून घेतात, तिथं खोका फुकट जात नाही," अण्णांनी आधी कबूल केलं. "पण तू पार्सल कुठं पाठवतोयस ते सांग. पुणे, मुंबई, बेंगळुरू असेल तर तुझं ॲप बरोबर. तिथं या कंपन्यांची आपसात मारामारी आहे, दर पडलेले असतात. भामरागडला पाठवायचं झालं तर?"

यावर पम्याच बोलला. त्याचं एक पार्सल गडचिरोली जिल्ह्यातल्या गावाला निघालं होतं. कुरिअरनं ते तालुक्याच्या गावापर्यंत नेलं, तिथून गिऱ्हाइकाला फोन केला की येऊन घेऊन जा. गिऱ्हाईक काही गेलं नाही. पार्सल परत आलं आणि येण्याचं भाडंही पम्याच्याच खात्यातून कापलं गेलं. जाताना लागले तेवढेच जवळजवळ येतानाही.

"हे आकडे ॲपच्या पहिल्या पानावर नसतात," मी म्हणालो. पैसे घरपोच घेण्याची सोय दिली की तिचा आकार वेगळा, इंधनाचा अधिभार वेगळा, वर 18 टक्के जीएसटी, आणि माल परत आला तर परतीचं भाडं. समजा दहा पार्सलांतली दोन परत येतात. मग त्या दोघांचं जाणं-येणं उरलेल्या आठांवर चढवूनच दर काढला पाहिजे. तसा काढला की यादीत सगळ्यात स्वस्त दिसणारी कंपनी कधीकधी महाग पडते. पम्याला मी तिथंच सांगितलं, ज्या पिनकोडांवरून माल परत येतो ते वेगळे लिहून काढ आणि तिथं पैसे आगाऊ घे, नाहीतर पोस्टानं पाठव. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. त्या शेवटच्या दहा-वीस किलोमीटरांना अजून तरी दुसरा तोड मला दिसलेला नाही.

पिनकोड म्हटल्यावर अण्णांना राहवलं नाही. ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल वाटणाऱ्या पोस्टाचे. "आणि तुम्ही गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर टाकलेला पिनकोड न तपासता चिकटवता!" अण्णा खरंच चिडले होते. चुकीच्या आकड्यानं पार्सल दुसऱ्याच जिल्ह्यात जातं, आणि अंतरावर दर असेल तर बिलही दुसऱ्याच गावाचं लागतं.

इतका वेळ गप्प बसलेले वकीलसाहेब आता पुढे सरकले. त्यांचं पार्सलाशी देणंघेणं नाही, त्यांचं दुःख नोटिशीचं. "अण्णा, तुमच्या खात्यानं रजिस्टर्ड पत्र बंद करून आमच्या पक्षकारांचा खिसा कापला, त्याचं काय?"

2025 मध्ये रजिस्टर्ड पत्राची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. त्याआधीचे दर 2012 चे होते. आता नोंदणी हवी तर स्पीड पोस्टाच्या दरावर पाच रुपये जादा द्यायचे. ओटीपी सांगितल्याशिवाय पत्र हातात पडू नये असं वाटत असेल तर आणखी पाच. यावर कर वेगळा.

वकिलांनी हिशेब मांडला. पूर्वी साध्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट आणि 17 रुपये रजिस्ट्रेशन, कर सोडून 22. आता बाहेरगावी 50 ग्रॅमपर्यंत 47 आणि नोंदणीचे पाच, म्हणजे 52. "एका पत्रामागं 30 रुपये! चार भावांचा वाटणीचा दावा असला तर मोजा."

"गावातल्या गावात मोजा की," अण्णा म्हणाले. "स्थानिक दर 19, नोंदणी पाच, 24 झाले. दोन रुपयांचा फरक. आणि पत्र स्पीड पोस्टाच्या वेगानं जातं."

"माझे प्रतिवादी सगळे पुण्या-मुंबईला गेलेत हो," वकील म्हणाले. या मुद्द्यावर मी वकिलांच्या बाजूचा आहे. ज्याला वेग नको, फक्त पोच हवी, त्याच्यासाठी कमी दराचा एक रस्ता उघडा ठेवायला हवा होता. म्हातारी माणसं, पेन्शनचे अर्ज करणारी, घरमालकाला नोटीस पाठवणारा भाडेकरू, यांना पत्र तीन दिवसांनी पोचलं तरी चालतं.

तरी आहे त्या दरातही पैसे वाचतात, आणि इथं खोक्याची जागा पाकीट घेतं. 50 ग्रॅमपर्यंत बाहेरगावचा दर सरसकट 47, सांगलीला पाठवा नाहीतर दिल्लीला. 50 ओलांडले की अंतर मोजलं जातं: 200 किलोमीटरच्या आत 59, पुण्याच्या टप्प्यात 63, दिल्लीच्या टप्प्यात 72. नेहमीचा ए-फोर कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो. नऊ पानं म्हणजे 42 ग्रॅम. ती घडी घालून पातळ लांबट पाकिटात घातली तर 50 च्या आत बसतात. तीच न दुमडता मोठ्या जाड खाकी पाकिटात घातली की 50 ओलांडलीच, आणि दिल्लीला 25 रुपये जास्त गेले, वर कर. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलं तर पानंच निम्मी होतात. वकिलांनी हे त्यांच्या कारकुनाला सांगायचं ठरवलं. सुऱ्याच्या बहिणीला परीक्षेचे अर्ज पाठवायचे आहेत, तर विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टात 10 टक्के सूट आहे हेही अण्णांनी सांगून टाकलं. काउंटरवर आपणहून मागायची.

आमचे मास्तर जुनी पुस्तकं गोळा करून खेड्यांतल्या वाचनालयांना पाठवतात. खर्च सगळा खिशातला. 2024 च्या अखेरीस छापील पुस्तकांची जुनी सवलतीची रजिस्टर्ड सेवा बंद झाली तेव्हा हा माणूस कट्ट्यावर अक्षरशः रडवेला झाला होता. लहान प्रकाशकांचंही तेच झालं. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला टपालखर्च पुस्तकाच्या किमतीकडे बघायला लागला तर कोण मागवणार? मग 1 मे 2025 ला ज्ञान पोस्ट आलं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, वजनाप्रमाणे चढत पाच किलोला 100, कर वेगळा. माल रस्त्यानं किंवा रेल्वेनं जातो म्हणून वेळ लागतो, पण पार्सल कुठं पोचलं ते बघता येतं.

"मग मास्तर, तुम्ही तीन-तीन पुस्तकांची पुडकी का करता?" पम्यानं विचारलं, आणि अगदी बरोबर विचारलं. 300 ग्रॅमला 20 म्हणजे किलोला 66 रुपयांच्या वर. पाच किलोला 100 म्हणजे किलोला 20. पुडकं जितकं बारकं तितका किलोमागं खर्च जास्त. एकाच वाचनालयाला जाणारी पुस्तकं 300-300 ग्रॅमनं न पाठवता साठवून पाच किलो एकदम पाठवली तर खर्च तिसऱ्या हिश्श्याहून खाली येतो. 

अण्णांनी अटी सांगितल्या. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव पाहिजे. पुस्तकांबरोबर चिवड्याची पिशवी घालायची नाही. नियतकालिकं चालत नाहीत, जाहिराती असलेली प्रकाशनंही चालत नाहीत.

"म्हणजे दिवाळी अंक गेले," मास्तर म्हणाले.

गेले. आणि माझा यावर राग आहे. मराठी वाचनालयात दिवाळी अंकाइतकं दुसरं काय फिरतं? कथा, कविता, लेख सगळं त्यात असतं, आणि जाहिरातींशिवाय तो निघूच शकत नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे धंद्याची माहितीपत्रकं असतील, हे मला कळतं. पण शंभर वर्षांहून जुनी परंपरा असलेला अंक त्याच चाळणीतून खाली पडतो, हे बदलायला हवं, आणि प्रकाशकांनी एकत्र येऊन ते मागायला हवं.

"तवर एसटी हाय की," सुऱ्या म्हणाला. एसटीच्या पार्सलची आठवण कुणी काढली नव्हती हे खरं. गूळ, मसाला, अंकांचे गठ्ठे, असा जड माल स्टँडवरून स्टँडवर जायचा असेल आणि घेणारा माणूस तिथं येणार असेल तर ते बघण्यासारखं आहे. घरपोच हवं असेल तर उपयोग नाही. वाचनालयाचा माणूस बाजाराच्या दिवशी तालुक्याला येतोच, त्याच्याकडून सहज होईल, असं मास्तरांचं मत पडलं.

पम्यानं तोवर मोबाईलवर खोकेवाल्याला 30-20-8 चं माप पाठवलं होतं. सुऱ्या अजून घरपोच पैसे घ्यायची सोय बंद करू नको म्हणून त्याच्या मागं लागला होता, ती बंद केली तर निम्मं गिऱ्हाईक जाईल म्हणत होता. अण्णा म्हणत होते, जाऊ दे, परत येणारंच गिऱ्हाईक ते. त्यांचं मिटेना. मी मास्तरांबरोबर त्यांच्या घरी गेलो आणि एकाच वाचनालयाची तीन पुडकी सोडून काट्यावर चढवली. भरली पाच किलो 400 ग्रॅम. आता कुठली पुस्तकं पुढच्या खेपेला ठेवायची यावर मास्तर आणि त्यांच्या सौ. यांच्यात जुंपली आहे.