मशीनमध्ये साफ करतेतच की!

एप्रिलचं ऊन, त्यात सोलापूर, आणि जयंतीच्या रक्तदान शिबिरात एक पोरगा फुल बाह्यांचा शर्ट घालून आला. फॉर्म भरून घ्यायला मीच बसलो होतो. बाही वर घे म्हटलं, तर मनगटापासून कोपरापर्यंत टॅटू, खपल्यासुद्धा नीट पडल्या नव्हत्या. फॉर्मवर ‘टॅटू काढलाय का?’ समोर मात्र ‘नाही’वर टिक.

‘काका, घ्या की. पुढं मशीनमध्ये साफ करतेतच की!’ नजर सगळी मागच्या टेबलावरच्या हेल्मेटांवर.

त्या एकट्याला काय बोलायचं? रक्तपेढीत रक्त गाळून, निर्जंतुक करून देतात, असं निम्म्या गावाला वाटतं.

थोडंफार खरंही आहे. प्लाझ्माला, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पातळ भागाला, सॉल्व्हंट-डिटर्जंटची प्रक्रिया करता येते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्यावर चरबीचं आवरण असतं, ते विरघळलं की विषाणू निकामी. हिपॅटायटिस ए ला आवरणच नाही, तो बचावतो. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारी पेशी, 20 ते 24 अंशांवर हलवत ठेवावी लागते, म्हणजे जिवाणूंची चंगळच. त्यात अमोटोसॅलेन नावाचं रसायन मिसळून अतिनील प्रकाश सोडतात. ते जंतूच्या डीएनए-आरएनएला गाठी मारतं आणि पिलावळ वाढणं बंद. प्लेटलेटला केंद्रकच (डीएनए असतो तो गाभा) नसतं, त्यामुळे तिचं काम चालू राहतं. ज्याला हे सुचलं त्याला खरंच मानलं पाहिजे.

घोडं अडतं ते लाल पेशींपाशी. त्यांना लाल रंग देणारं हिमोग्लोबिन तो प्रकाशच गिळून टाकतं. आपल्या भाषेत, गडद रंगाच्या जाड सोलापुरी चादरीतून बॅटरी मारल्यासारखं. म्हणून आपल्याकडे लाल पेशींची पिशवी अशी ‘साफ’ होऊन येत नाही. तिची तपासणी होते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया. नुकतीच लागण झालेली असेल (टॅटूच्या सुईतूनही होऊ शकते) तर तपासणीही चकते. विषाणूचा डीएनए-आरएनएच थेट शोधणाऱ्या नॅट चाचणीनं तो धोक्याचा काळ कमी होतो, शून्य होत नाही. आणि थॅलेसेमियाच्या, म्हणजे अंगात पुरेसं हिमोग्लोबिन तयार न होणाऱ्या, लेकराला दर 2 ते 4 आठवड्यांनी पिशवी चढते, आयुष्यभर.

म्हणून माझं मत, कुणाला राग आला तरी चालेल: रक्ताच्या बदल्यात हेल्मेट, डबे, बॅगा वाटणं बंद करा. बक्षिसासाठी माणूस फॉर्मवर खोटं लिहितो.

पोरानं शेवटी कबूल केलं, पंधरा दिवसांपूर्वीचा टॅटू. नियम 12 महिन्यांचा. पुढच्या एप्रिलला ये म्हटलं. अध्यक्ष भडकले, कारण बॅनरवर ‘151 बाटल्या’ आधीच छापलेल्या.

खरं बोलला म्हणून पोराला एक हेल्मेट मी देऊन टाकलं. अध्यक्ष अजून फोन उचलत नाहीत.