बीपीवाल्यांनो, साखरेचा डबाही बघा

बीपी निघालं की घरात पहिला हुकूम सुटतो: लोणचं बंद, पापड बंद. योग्यच आहे. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ते पाळायलाच हवं. पण त्याच घरात दोन चमचे साखरेचा चहा, त्यात बुडवायला बिस्किटं, संध्याकाळी खारी नाहीतर पाव, हे सगळं बिनबोभाट चालू असतं. हे पथ्य अर्धवट आहे, असं माझं ठाम मत आहे.

खाल्लेलं मीठ शरीरात थांबणार की लघवीवाटे जाणार, यात इन्सुलिनचाही हात असतो. मैदा, साबुदाणा, साखर पोटात गेली की रक्तातली साखर झपाट्याने चढते, मागोमाग इन्सुलिन चढतं आणि ते मूत्रपिंडांना सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, धरून ठेवायला लावतं. सोडियमबरोबर पाणीही थांबतं, आणि बीपी चढायला हातभार लागतो. पोट सुटलेल्या माणसात इन्सुलिन बहुतेक वेळ चढंच असतं, म्हणून त्याला याचा जास्त फटका. शिवाय साखरेत अर्धं फ्रुक्टोज. ते एकदम भरपूर आलं की यकृतात युरिक ॲसिड जास्त तयार होतं, आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडू लागतं. गुळाने सुटका होत नाही, तोही बहुतांश साखरच. अख्ख्या फळाला मात्र उगाच घाबरू नका. रस काढून पिऊ नका, एवढंच.

आता चमचा बघा. सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर मावते, शीग लावली की 6. शिगेचे दोन चमचे, दिवसाला चार कप: झाले 48 ग्रॅम. 2000 कॅलरीच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा 50 ग्रॅम, आणि 25 च्या आत राहिलात तर उत्तम. म्हणजे नुसत्या चहातच कोटा संपला, बिस्किटं अजून मोजलीच नाहीत.

अमेरिकेतल्या 810 जणांच्या पाहणीत (2010) रोजचं एक गोड पेय कमी करणाऱ्यांचं वरचं बीपी 18 महिन्यांत सरासरी 1.8 ने उतरलेलं दिसलं. गोळीची जागा घेईल एवढा हा आकडा नाही, पण गोळीच्या जोडीला नक्कीच कामाचा.

सकाळीच पाच सपाट चमचे साखर वाटीत काढून ठेवा; दिवसभराचा चहा तेवढ्यातच. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला सवय होते. नाश्त्याला पावाऐवजी मुगाचं धिरडं. ताटातला भात निम्मा, उसळ दुप्पट. उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा.

एक सावधगिरी. लघवी होण्याची गोळी चालू असताना साखर-मैदा एकदम तोडला तर मीठ-पाणी जास्त बाहेर जातं आणि उठताना चक्कर येऊ शकते. मधुमेहाचं औषध चालू असेल तर रक्तातली साखरही फार उतरू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवून मिनिटाच्या अंतराने दोनदा बीपी मोजा, आणि आठवड्याभराचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस त्यांना ठरवू द्या.